वाचकांचे प्रश्न : जमालगोटा, मोगली एरंड आणि अंगणातले क्रोटन

पावसाळा संपता संपता या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच झुडपाभोवती फिरणारी होती. कुणाला जमालगोट्याची ओळख हवी होती, कुणाला त्याचे औषध करायचे होते, तर कुणी त्याच्या लागवडीचा विचार करत होते. ती सर्व पत्रे एकत्र घेऊन त्यांतील प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : सोबत लहान पाकिटात तीन प्रकारच्या बिया पाठवत आहे. एक आमच्या वावराच्या धुऱ्यावरची, एक गोठ्यामागच्या कुंपणातली आणि एक आठवडी बाजारात जडीबुटी विकणाऱ्याकडून घेतलेली आहे. आमच्या गावात तिन्हींना कमीअधिक प्रमाणात ‘जमालगोटा’च म्हणतात. यातला खरा कोणता?
— एक शेतकरी, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : आपण बिया वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, कोणती कुठली ते लिहून पाठवल्या, त्यामुळे काम सोपे झाले. पहिली पुडी, म्हणजे धुऱ्यावरची बी, साध्या एरंडीची आहे. तिचे कवच चकचकीत असून त्यावर करड्या-तपकिरी रंगाची नक्षी आहे आणि एका टोकाला फिकट रंगाची लहानशी गाठ स्पष्ट दिसते. दुसऱ्या पुडीतली बी तिघींत सर्वांत मोठी, जवळपास दोन सेंटिमीटर लांब, काळी व निस्तेज आहे आणि तिच्या कवचावर बारीक पांढुरक्या भेगा आहेत. ही मोगली एरंडाची बी होय. यालाच चंद्रज्योत किंवा रतनज्योत असेही म्हणतात, आणि ढोरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून आपल्याकडे कुंपणाला तो सर्रास लावला जातो.

खरा जमालगोटा तिसऱ्या पुडीत आहे. ही बी सुमारे सव्वा सेंटिमीटर लांब, फिकट दालचिनी रंगाची आणि अजिबात चमक नसलेली आहे. पाठीकडून ती फुगीर व पोटाकडून थोडी चपटी असल्याने आडवी धरल्यास काहीशी चौकोनी भासते. नखाने किंवा चाकूच्या टोकाने वरचा तपकिरी थर खरवडला की खाली काळा थर लागतो, आणि बाजारातल्या बिया एकमेकींवर घासून आलेल्या असल्याने त्यांवर असे काळे डाग आधीच पडलेले असतात. एरंडीच्या टोकाला असते तशी ठळक गाठ हिला नसते. कवच फोडल्यावर आत पिवळसर, तेलकट गर असतो आणि तो उभा दुभंगला की मधोमध कागदासारखी पातळ दोन दले दिसतात. हे सारे मी हातमोजे घालून पाहिले आहे, आणि आपणही बी फोडणार असाल तर उघड्या हातांनी फोडू नये. गराचा अंश बोटांवर राहून तो डोळ्याला किंवा ओठाला लागला तरी आग होते. चव घेऊन खात्री करण्याची आपल्याकडची जुनी रीत येथे मुळीच चालणार नाही.

झाडावरून ओळखायचे असेल तर ते याहूनही सोपे आहे. एरंडीचे पान पंजासारखे खोलवर कापलेले असते. मोगली एरंडाचे पान रुंद, हृदयाकृती, तीन ते पाच उथळ कोनांचे असते आणि देठ मोडला की चिकट रस निघतो. जमालगोट्याचे पान मात्र साधे असते. ते लांबट अंडाकृती आणि टोकाकडे निमुळते असते, कडेला बारीक दाते असतात आणि देठ जिथे पात्याला मिळतो तिथे दोन बारीक ग्रंथी असतात. फुलांचा तुरा फांदीच्या टोकाशी येतो, त्यात मादीफुले खाली व नरफुले वर असतात आणि फळ तीन कप्प्यांचे असून प्रत्येक कप्प्यात एक बी असते. झुडूप वाढले तर पाच-सहा मीटर उंचीचे लहान झाड होते.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव क्रोटन टिग्लियम. लिनियसने १७५३ साली हे नाव नोंदवले. कुळ एरंडाचे, आणि मूळ प्रदेश आसाम-बंगालकडील ओलसर भागापासून म्यानमार, दक्षिण चीन व आग्नेय आशियापर्यंतचा. विदर्भाच्या रानात आपोआप वाढलेला जमालगोटा सहसा पाहायला मिळत नाही. एखाद्या वैद्याच्या परसात किंवा औषधी वनस्पतींच्या बागेत लावलेले झाड असते, आणि बाजारात येणारी बी बहुतेक बाहेरून आलेली असते. आपल्या जंगलात त्याच कुळातली दंती मात्र आहे. तीही रेचक आहे, तिच्या व जमालगोट्याच्या बियांची ग्रंथांत आणि दुकानांत सरमिसळ होत आली आहे, आणि म्हणून विक्रेत्याने सांगितलेल्या नावावर विसंबून कोणतीही बी घरी आणू नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या कुंपणालगतच्या झुडपांच्या बिया मधल्या सुट्टीत काही मुलांनी खाल्ल्या. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मुलांना ग्रामीण रुग्णालयात नेले, सर्व सुखरूप आहेत. परंतु गावात ‘पोरांनी जमालगोटा खाल्ला’ अशी ओरड झाली. हे खरे आहे का? आणि पुन्हा असे घडल्यास शिक्षकांनी काय करावे?
— एक शिक्षिका, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : आपण सोबत पाठवलेल्या छायाचित्रातील पाने व हिरवी-पिवळी गोल फळे मोगली एरंडाची आहेत, त्यामुळे मुलांनी जमालगोटा खाल्लेला नाही. ग्रामीण भागात शाळकरी मुलांना बिया खाऊन होणाऱ्या विषबाधेच्या ज्या बातम्या वरचेवर येतात, त्यांत मोगली एरंडच पुष्कळदा असतो, आणि त्याचे कारण चवीत आहे. या बीचा गर शेंगदाण्यासारखा खमंग लागतो, म्हणून एकाने खाल्ली की दुसरा मागतो. जमालगोट्याचा गर तोंडात जाताच थोड्या वेळात घशापर्यंत जाळ पसरवतो, त्यामुळे मूठभर बी आवडीने खाल्ली गेली असेल तर ती बहुधा जमालगोट्याची नसते. शिवाय मोगली एरंडाची मुलांशी ओळख आधीपासून असते. त्याचा देठ मोडून, चिकात काडीची गोल कडी बुडवून हवेत फुगे सोडण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळलेला असेल. ज्या झाडाशी रोज खेळायचे त्याची बी विषारी असेल, हे मुलाच्या मनात येत नाही.

मोगली एरंडाच्या बीमध्ये कर्सिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि जमालगोट्यात असतात त्याच जातीचे फोरबॉल एस्टर हे दाहक घटकही असतात. बी खाल्ल्यावर घशात जळजळ, मळमळ, वारंवार उलट्या, पोटात कळा आणि जुलाब अशी लक्षणे दिसतात. मुले बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरी होतात, पण लहान मुलाच्या शरीरातील पाणी फार झपाट्याने कमी होते आणि खरा धोका तिथेच असतो. या विषावर कोणताही उतारा नाही. शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे आणि मुलावर लक्ष ठेवणे हाच उपचार आहे व तो रुग्णालयात होतो.

शिक्षकांनी प्रथम मुलाच्या तोंडातील उरलेला गर काढून पाण्याने चुळा भरायला लावाव्यात. घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. मिठाच्या पाण्याचा हा उपाय आपल्याकडे अजूनही हमखास सुचवला जातो आणि लहान मुलाच्या बाबतीत तो बियांइतकाच घातक ठरू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल शुद्धीवर असेल आणि पोटात पाणी टिकत असेल तर जलसंजीवनी घोट-घोट द्यावी. ज्या झाडाची बी खाल्ली त्याची पानाफळांसह एक फांदी आणि उरलेल्या बिया डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्याव्यात. ‘जमालगोटा खाल्ला’ एवढ्या तोंडी निरोपावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही, कारण त्या नावाखाली तीन वेगळ्या बिया असू शकतात, हे वरच्या पत्रावरून दिसतेच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि गरज पडल्यास डॉक्टर तेथून सल्ला घेऊ शकतात. ज्यांनी खाल्ल्याचे कबूल केले तेवढीच नव्हे, तर त्या घोळक्यातली सर्व मुले तपासून घ्यावीत, कारण रागावतील या भीतीने एखादे मूल गप्प राहते.

कुंपण काढायचे की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावे. माझ्या मते शाळेला मोगली एरंडाचे कुंपण असूच नये.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांना जुना बद्धकोष्ठाचा त्रास आहे. पूर्वी गावातील वैदू जमालगोट्याची अर्धी बी गुळात घालून देत असे व पोट साफ होई, असे ते सांगतात आणि आता बाजारातून बी आणून घ्यायचा हट्ट धरतात. एरंडेल तर आजही घेतातच; मग जमालगोटा का नको?
— एक वाचक, ता. अकोट, जि. अकोला

उत्तर : आपल्या वडिलांना जमालगोटा देऊ नये, अर्धी बी नाही आणि पाव बीही नाही. कारण मात्र नीट समजावून सांगतो, कारण एरंडेलाचा दाखला त्यांनी दिला आहे आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो.

एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचे अतिशय तीव्र विष असते, परंतु ते पाण्यात विरघळणारे प्रथिन आहे. बियांचे तेल काढले जाते तेव्हा रिसिन तेलात न येता ढेपेत राहते, आणि उष्णतेने ते निष्प्रभही होते. म्हणून एरंडेल पोटात घेता येते, आणि म्हणूनच खत म्हणून आणलेल्या एरंडीच्या ढेपेचे पोते गोठ्यात उघडे ठेवले तर जनावर दगावू शकते. जमालगोट्यात उलटे आहे. त्याचे दाहक घटक, म्हणजे फोरबॉल एस्टर, तेलातच विरघळलेले असतात. तेल हेच विष आहे. ते कातडीवर लागले तर फोड येतात, आणि आतड्याच्या आवरणाला ते तसेच भाजते. जमालगोट्याने ‘पोट साफ’ होते म्हणजे आतडे त्या दाहामुळे आतले पाणी बाहेर फेकते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील डॉक्टरही हे तेल देत असत, तेव्हा मात्रा एका थेंबाची किंवा त्याहून कमी असे, आणि तरीही रुग्ण दगावल्याच्या नोंदी होत गेल्याने त्यांनी ते औषध हळूहळू सोडून दिले. अर्ध्या बीत किती तेल आहे हे बी किती जुनी, किती भरलेली आणि कुठली यावर ठरते. वैदूच्या हाताला ते मोजता येत नव्हते आणि आपल्यालाही येणार नाही.

आयुर्वेदात जयपाल या नावाने ही बी वापरली जाते, हे खरे आहे. इच्छाभेदी रस हा त्याचा प्रसिद्ध योग असून जितके घोट थंड पाणी तितके वेग (जुलाब) आणि ऊन पाणी घेतले की वेग थांबतात, असे त्याचे वर्णन केलेले आहे. परंतु त्या योगात कच्ची बी कधीच घालत नाहीत. साल आणि मधली दले काढून, गर पुरचुंडीत बांधून, दुधात लोंबकळत ठेवून (दोलायंत्राने) शिजवून, मग तो कोऱ्या खापरावर पसरून तेल शोषून घेण्याची शोधनाची पद्धत शास्त्राने सांगितली आहे. जुन्या आचार्यांनाही दोष तेलात आहे हे अचूक ठाऊक होते, असे यावरून दिसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ मधील विषारी द्रव्यांच्या अनुसूची ई(१) मध्ये जयपालाचा समावेश आहे, आणि तो असलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ज्या द्रव्याला नोंदणीकृत वैद्यही इतके जपून हाताळतात, ते बाजारातल्या गोणीतून उचलून गुळात घालणे याला आयुर्वेद म्हणता येणार नाही. शोधनाची रीत मी त्रोटक सांगितली आहे ती माहितीसाठी. ती घरी करून पाहू नये.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी जोराचे जुलाब झाले तर शरीरातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रात्री परसाकडे जाताना तोल जाऊन हाड मोडणे हा आणखी एक धोका असतो. त्रास जुना असला तरी एकदा तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि थायरॉईडची कमतरता यांनी बद्धकोष्ठ होते व कारण सापडले तर उपाय सोपा असतो. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा सवयीत अचानक बदल होणे यांपैकी काही असेल तर उशीर करू नये. तोवर पाणी, भाजीभाकरीतला चोथा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल एवढे पुरे आहे. एरंडेलही रोजची सवय म्हणून घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : ‘जमालगोट्याच्या बीने कर्करोग बरा होतो, परदेशी शास्त्रज्ञांनी मान्य केले’ असा संदेश आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आहे. दुसऱ्या एका गटावर ‘जमालगोट्याने कर्करोग होतो’ असे आले. दोन्हींपैकी खरे कोणते?
— एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर

उत्तर : दोन्ही संदेशांच्या मागे खऱ्या संशोधनाचा एकेक तुकडा आहे आणि दोन्हींनी तो तुकडा भलत्याच जागी जोडला आहे.

जमालगोट्याचे तेल कर्करोगाच्या प्रयोगशाळांत वापरले गेले, ते औषध म्हणून नव्हे. आयझॅक बेरेनब्लम यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या कातडीवर कर्करोगकारक द्रव्याची अगदी अल्प मात्रा लावली. तेवढ्याने विशेष काही घडत नसे. मात्र त्यानंतर त्याच जागी जमालगोट्याचा दाहक अंश वारंवार लावला की गाठी उठत. नुसता तो अंश लावला तर गाठी क्वचितच होत. यावरून कर्करोग एका झटक्यात न होता टप्प्याटप्प्याने होतो, पहिल्या टप्प्यात पेशीत बिघाडाचे बीज पडते आणि दुसऱ्या टप्प्यात कुणीतरी त्या पेशीला वाढीला लावते, ही कल्पना पक्की झाली. पुढे १९६० च्या दशकात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एरिक हेकर यांनी तेलातला तो वाढीला लावणारा घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो फोरबॉलचा एक एस्टर निघाला. १९८२ मध्ये जपानमधील कोबे येथील यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने दाखवले की हा घटक पेशीतील प्रोटीन कायनेज सी या विकराला (एन्झाइमला) चालू करतो. एरवी हे विकर पेशीला बाहेरून संदेश आला तरच आणि थोड्याच वेळासाठी चालू होते. फोरबॉल एस्टर मात्र लवकर मोडत नसल्याने ते दीर्घकाळ चालूच राहते आणि पेशीला विभाजनाचा खोटा निरोप मिळत राहतो. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींचे कार्य समजून घेण्यासाठी हा घटक रोजच्या वापरातला झाला आहे. जमालगोट्याने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या दृष्टीने हीच आहे, जुलाब नव्हे.

बरा होण्याचा दावा कुठून आला असावा, हेही पाहू. ऑस्ट्रेलियाच्या पर्जन्यवनातील, एरंड कुळातल्याच पण वेगळ्या प्रजातीच्या एका झाडाच्या बियांतून टिजिलॅनॉल टिग्लेट हे द्रव्य मिळते व त्याची रचना फोरबॉल एस्टरांच्या जवळची आहे. कुत्र्यांना होणाऱ्या मास्ट पेशींच्या गाठीत थेट टोचण्यासाठी त्याला २०२० मध्ये युरोपात व अमेरिकेत मान्यता मिळाली. ते मोजून बनवलेले इंजेक्शन आहे आणि ते पशुवैद्यच देतात. बी खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. कर्करोगाच्या रुग्णाला जमालगोट्याची बी दिली तर आधीच खंगलेल्या शरीरातले पाणी तेवढे जाईल, आणि उपचाराविना वाया गेलेले दिवस परत येणार नाहीत. हा संदेश गटावर पुन्हा आला तर खाली हे उत्तर टाकावे.

प्रश्न : आम्ही नव्या घराच्या अंगणात रंगीबेरंगी क्रोटन लावले आहेत. क्रोटन म्हणजेच जमालगोटा असे मुलाने इंटरनेटवर वाचले. आता काढून टाकावे का?
— एक गृहिणी, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : काढण्याची गरज नाही. रोपवाटिकेत क्रोटन म्हणून मिळणारे पिवळ्या, लाल, जांभळ्या पट्ट्यांच्या पानांचे झुडूप कोडिअम व्हेरिगेटम आहे. ते एरंड कुळातलेच असले तरी जमालगोट्याच्या प्रजातीतले नाही. छाटणी करताना त्याच्या चिकाने हाताला खाज येऊ शकते, म्हणून हात धुवावेत आणि घरात रांगते मूल असेल तर कुंड्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. त्याच कुळातले शेराचे झाड मात्र अंगणात असल्यास त्याची काळजी अधिक घ्यावी, कारण शेराचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते. तसे झाल्यास डोळा निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच रुग्णालय गाठावे.

प्रश्न : बैलाचे पोट फुगले की आमच्याकडे जाणती माणसे जमालगोटा कुटून भाकरीतून द्यायला सांगतात. गेल्या वर्षी एका शेजाऱ्याचा बैल असे दिल्यावर दगावला. औषध चुकले की मात्रा?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : शेजाऱ्याच्या बैलाला नेमके काय झाले होते हे येथून सांगता येत नाही, पण पोटफुगीवर जमालगोटा देणे हे मुळातच चुकीचे आहे, मग मात्रा कितीही असो. पोटफुगीत रवंथाच्या मोठ्या कप्प्यात वायू किंवा फेस साचतो. डावी कूस ढोलकीसारखी ताणली जाते, जनावराचा श्वास कोंडतो आणि ते काही तासांत, कधी त्याहूनही लवकर मरू शकते. जुलाबाचे औषध आतड्यावर काम करते, तेही पुष्कळ उशिराने. अडलेला वायू त्याने मोकळा होत नाही, उलट आतड्याला सूज येऊन दुसरे दुखणे सुरू होते. पशुवैद्य अशा वेळी तोंडातून नळी घालून वायू सोडतात, फेस असेल तर तो मोडण्यासाठी तेल किंवा त्यासाठीचे औषध देतात आणि अगदीच जिवावर बेतले तर कुशीत छिद्र पाडतात. ते येईपर्यंत बैलाचा पुढचा भाग उंचावर राहील असे उभे करावे, त्याला बसू देऊ नये आणि नाळीने घाईघाईत काहीही ओतू नये. मान वर ओढून ओतलेले तेल श्वासनलिकेत गेले की फुफ्फुसाचा दाह होतो, आणि पोटफुगीतून वाचलेला बैल त्याने जातो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी संपर्क करता येतो.

उन्हाळ्यात नुसत्या कोरड्या कुटारावर, कमी पाण्यात जनावर ठेवल्याने शेण अडते तो प्रकार वेगळा. त्यावरही जमालगोटा हा उपाय नाही. पाणी, मीठ, थोडा हिरवा चारा आणि पशुवैद्याने दिलेले क्षार पुरेसे होतात.

प्रश्न : आमच्या तलावातील मासे एका रात्रीत मेले. कुणीतरी जमालगोटा कुटून टाकला, अशी चर्चा आहे. असे होऊ शकते का?
— मत्स्यव्यवसाय संस्थेचे एक सभासद, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : होऊ शकते. आग्नेय आशियात या बियांचा मासे मारण्यासाठी वापर होत आला आहे. मात्र उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर पहाटेच्या सुमारास प्राणवायू घटूनही मासे एकदम मरतात, म्हणून संशयावरून कुणाला धरण्याआधी पाण्याचा व मेलेल्या माशांचा नमुना मत्स्यव्यवसाय विभागामार्फत तपासून घ्यावा. मासे पकडण्यासाठी पाण्यात विष टाकणे हा कायद्याने गुन्हा आहे. ते मासे खाऊ वा विकू नयेत.

प्रश्न : दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रासायनिक औषधे टाळायची असल्याने जमालगोट्याच्या बियांचा अर्क पऱ्हाटीवर बोंडअळीसाठी फवारावा का? आणि एका कंपनीचा माणूस जमालगोट्याची करार शेती करा, बी आम्ही उचलू, असे सांगून रोपांचे पैसे आगाऊ मागत आहे. करार करावा का?
— एक तरुण शेतकरी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : फवारणीबाबत आधी लिहितो. या बियांच्या तेलाने कीटक मरतात, यात शंका नाही, पण गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते आणि वरून मारलेला कोणताही अर्क तिथवर पोहोचत नाही. पोहोचतो तो फवारणाऱ्याच्या कातडीवर, डोळ्यांत आणि श्वासात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले, ते आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. तेव्हा दोष रासायनिक औषधांचा होता म्हणून झाडापासून काढलेले ते निरुपद्रवी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जमालगोट्याच्या तेलाचा तुषार पाठीवरच्या पंपातून अंगावर घेणे म्हणजे वर सांगितलेला उंदरांवरचा प्रयोग स्वतःवर करणे होय. बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावून पतंगांची संख्या पाहावी. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आले तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी राखून आणखी कापूस, घेऊ नये. निंबोळी अर्क सुरुवातीच्या काळात जरूर वापरावा. एरंड कुळाचा उपयोग करायचाच असेल तर सोयाबीनच्या कडेने साधी एरंडी लावावी. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला एरंडीची रुंद पाने पसंत करतो, आणि अंडीपुंज असलेली पाने तोडून नष्ट केली की फवारणीचा एखादा फेरा वाचतो.

कराराविषयी माझे मत प्रतिकूल आहे. जमालगोटा दमट हवामानातले झुडूप आहे. आपल्याकडे ते सावलीत व पाण्याच्या सोयीने जगेल, पण कोरडवाहू जमिनीत भरघोस बी देईल असे समजू नये. बी काढणे, वाळवणे, फोडणे ही कामे मजुरांच्या हातांनी होणार आणि त्यांच्या हाताला फोड येणार, हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही. शिवाय खरेदीदार मूठभर, कारण औषधी कारखान्यांना ही बी फारच थोडी लागते. त्या माणसाने उद्या बी उचलली नाही तर ती आठवडी बाजारात विकावी लागेल, आणि तिथून ती कुणाच्या पोटात जाईल ते अकोटच्या पत्रावरून लक्षात यावे.

अशी एक लाट आपण पाहिलेली आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडापासून जैवडिझेलची शिफारस केली आणि २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, बक्कळ बी मिळेल असे तेव्हाही सांगितले जात होते. प्रत्यक्षात पडीक जमिनीत झाड जगले, पण बी फार कमी लागली आणि ती विकत घेणारेही मिळाले नाहीत. त्या वेळी निदान सरकारी धोरण पाठीशी होते. आपल्यासमोर आलेल्या माणसाकडे तेही नाही. तरीही विचार करायचाच असेल तर त्याच्याकडून कंपनीचा नोंदणी क्रमांक, आधी ज्यांच्याकडून बी उचलली अशा शेतकऱ्यांचे पत्ते आणि दर लिहिलेला खरेदीचा लेखी करार मागावा, आणि तो तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय रोपांचे पैसे देऊ नयेत. रोपे विकणे हाच ज्यांचा धंदा असतो त्यांना बी उचलण्यात रस नसतो, त्यामुळे एवढी कागदपत्रे मागितल्यावर तो माणूस बहुधा पुन्हा येणार नाही.